‘राजी’ला ग्रेस मार्क नकोत!

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. परीक्षा तोंडावर, डोळे लाल, आणि कट्ट्यावर आल्या आल्या पहिलं वाक्य, ‘काल मार्गिटला पाडला, भावा!’ मार्गिट म्हणजे ‘एल्डन रिंग’मधला अगदी सुरुवातीचा बॉस. सुरुवातीचा असला तरी तो वीस-पंचवीस वेळा आडवं केल्याशिवाय सोडत नाही. बाकीच्यांना प्रश्न पडतो, एवढा मार खायला पैसे कशाला मोजायचे? ज्याला नाद लागलाय त्याला मात्र हा प्रश्न पडत नाही.

या नादाची सुरुवात जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने केली. २००९ मध्ये ‘डेमन्स सोल्स’, २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’ आणि २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’. यात सोपं, मध्यम, अवघड असा पर्यायच नाही. जे आहे ते सगळ्यांना सारखं. मग २०२४ मध्ये चीनचा ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ आला. त्यांच्या पुराणकथेतला वानर नायक घेऊन केलेला हा गेम पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रतींवर गेला. तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘यार, आपल्याकडे एवढ्या कथा आहेत, आपला असा गेम कधी येणार?’

तर मित्रमैत्रिणींनो, वुकाँगच्या चार वर्षं आधीच एक आलाय. तोही लांबून नाही, पुण्यातून.

पुण्याची राजी

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयान मॉड हे या स्टुडिओचे संस्थापक. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर मोहीम काढली, पण पैसे जमले नाहीत. तरी टीम थांबली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. ‘राजी’ म्हणजे ‘एल्डन रिंग’सारखा अस्सल रोल प्लेइंग गेम नव्हे. शस्त्रांची ताकद थोडीफार वाढवता येते, पण मूळ बाज अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचरचा. तरी देव-दानवांची दुनिया, अंगावर येणारे राक्षस आणि चुकलात की मार हे सगळं आहेच. म्हणून तुलना होणार, आणि व्हायलाच हवी.

गोष्ट साधी आहे. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू बाहुल्यांचे खेळ करणारा. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस हल्ला करतात, पोरांना पळवून नेतात. त्यात गोलूही जातो. दुर्गा राजीची निवड करते, तिच्या हाती त्रिशूळ येतो आणि राजी महाबलासुराच्या शोधात निघते. ती राजकन्या नाही की कुणाचा अवतार नाही. भाऊ हरवलेली एक मुलगी, बस्स.

काय जमलंय?

पहिलं, डोळे. राजस्थानी किल्ले-महालांच्या कमानी, जाळ्या, पायऱ्या आणि पहाडी चित्रशैलीचे रंग. गेम थांबवून नुसतं बघत बसावं अशा जागा यात आहेत. दगडी गॉथिक किल्ले आणि धुकं बघून कंटाळलेल्या डोळ्यांना हे वेगळंच वाटतं.

दुसरं, कथा सांगायची पद्धत. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात आणि राजीच्या वाटचालीवर दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत राहतात. पडद्यामागे दिवा, चामड्याची बाहुली आणि सांगणारा आवाज हे आपल्याला परकं नाही. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलात तर ठाकर समाजातले कलाकार चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी आजही दाखवतात. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे असला ‘कटसीन’ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. ‘राजी’ खेळताना हे लक्षात आलं की एकदम वाटतं, अरे, कच्चा माल तर दाराशीच पडलाय!

तिसरं, राजीची चाल. ती कसरतपटू आहे हे नुसतं सांगितलेलं नाही, ते लढाईत दिसतं. भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी घेत वार करणं, खांबाला धरून गरकन फिरणं, हे जमायला लागलं की मजा येते. धनुष्य, तलवार-ढाल अशी शस्त्रंही पुढे मिळत जातात.

कुठे हुकतं?

आता दुसरी बाजू. इथेच आपल्यातले बरेच जण गडबडतात. ‘आपल्या लोकांनी केलाय, नावं कशाला ठेवायची?’ असं म्हणून विषय संपवतात.

‘राजी’त कॅमेरा तुमच्या हातात नाही. तो ठरलेल्या जागेवरून, बहुतेक वेळा लांबून आणि वरून बघतो. महाल दाखवायला हे छानच. पण लांब उडी मारताना समोरचा कठडा नेमका किती अंतरावर आहे, याचा अंदाज काही ठिकाणी येत नाही. उडी हुकते, राजी खाली. पाच-सात राक्षस एकदम आले की त्या गर्दीत वार कुठून आला तेही नीट कळत नाही. लढाईला वजनही थोडं कमी पडतं. बटण दाबल्यापासून वार बसेपर्यंत जो करकरीतपणा लागतो, तो सगळीकडे नाही.

उलट कोडी मात्र फारच सोपी. रंगीत मंडलं फिरवून आकृती जुळवायची, दोन मिनिटांत काम तमाम. शस्त्रांची ताकद वाढवायची सोय आहे, पण ‘मी अशीच का वाढवू?’ असा डोक्याला ताप देणारा निर्णय कुठेच घ्यावा लागत नाही. सगळा गेम चार-पाच तासांत आटोपतो. आणि शेवट? तो सांगत नाही, पण कुणीतरी मधेच लाइट घालवल्यासारखं वाटतं, एवढं नक्की.

अवघड आणि अवघडलेलं

अवघड असणं हा दोष नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. तालमीत नवीन पोरगं उतरलं की महिनोन्महिने ते पाठीवरच पडतं. पण प्रत्येक वेळी वस्ताद सांगतो, पाय पुढे गेला, मान उघडी राहिली, घिस्सा बसला. पडण्यातून डाव कळतो. म्हणून दुसऱ्या दिवशी ते पोरगं परत येतं. पण समजा, हौद्यातली मातीच नीट खणलेली नसेल, पाय खड्ड्यात गेला म्हणून पाठ लागली असेल, तर? त्यातून डाव कळत नाही, नुसता राग येतो.

अवघड गेमची पारख इथेच होते. मेल्यावर तुम्ही काय म्हणता? ‘घाई केली, थांबायला हवं होतं’ म्हणालात, तर गेम प्रामाणिक आहे. ‘अरे, हे दिसलंच नाही!’ म्हणालात, तर माती खराब आहे. मार्गिट हातातली काठी उगारून मुद्दाम थांबतो, तुमची घाई पकडतो. तो जमतच नसेल तर त्याला सोडून दुसरीकडे फिरा, ताकद वाढवा, मग परत या, ही मोकळीक ‘एल्डन रिंग’ देतो. तोही काही सोवळा नाही. अवाढव्य बॉस अंगावर आला की त्याचाही कॅमेरा गोंधळतो, आणि पीसीवर तो आला तेव्हा अडखळत चालायचा म्हणून लोकांनी बोंब मारलीच होती. पण बहुतेक पराभवांचा हिशेब तो देतो. ‘राजी’ काही वेळा देतो, काही वेळा नाही. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे.

मग लहान टीम, अपुरा पैसा, हे लक्षात घ्यायचं नाही का? घ्यायचं, जरूर घ्यायचं. चार-पाच तासांतच गेम का संपला, याचं कारण त्यातून समजू शकतं. पण कारण समजलं म्हणून हुकलेली उडी बसत नाही. कौतुक करायचं ते चित्रांचं, सावल्यांचं, राजीच्या चालीचं, कारण ते खरंच मिळवलेलं आहे. ‘आपला’ म्हणून दिलेले ग्रेस मार्क म्हणजे पुढच्या गेमकडून आपण काही मागतच नाही असं सांगणं.

शंभर वर्षांपूर्वीचा डेमो

खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याचं स्मारक रोज दिसत असेल. ज्यांची ती आठवण, त्या बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट आणला. कीचकवधाची गोष्ट, महाभारतातली. नवं माध्यम हाती आलं तेव्हा त्यांनीही आधी पुराणकथाच उचलली. ‘सैरंध्री’ १९२० ची, ‘राजी’ २०२० ची. बरोबर शंभर वर्षं!

पण पेंटर तिथेच थांबले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ केला, कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट. देव-राक्षसांकडून पाच वर्षांत ते आपल्या बांधावर आले. पुराणकथेने लोक थिएटरात आणले, पण माध्यम मोठं झालं ते पुढच्या पावलामुळे. ‘आपल्याकडे कथा आहेत’ एवढ्यावर भागत नाही, हे कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच बघितलंय.

म्हणून एक काम करा. ऑनलाइन स्टोअरवर सवलतीत मिळाला की ‘राजी’ घ्या, एका सुटीत संपवा. हिंदी आवाज लावून खेळा. शेजारी वही ठेवा. प्रत्येक वेळी मेलात की एक ओळ लिहा, चूक माझी की गेमची? आणि तुमच्यापैकी कुणी अ‍ॅनिमेशन किंवा कॉम्प्युटर सायन्सला असेल, तर पुढची ओळही लिहा, मी असतो किंवा असते तर इथे काय केलं असतं? ‘राजी’ ज्या अनरियल इंजिनावर बनलाय, ते शिकण्यासाठी फुकट डाउनलोड करता येतं. पिंगुळी दोन-तीन तासांवर आहे. वही भरली की ती मित्रांना दाखवा, आणि पहिली उडी कुठली दुरुस्त करायची ते ठरवा.