आवाज ज्याचा त्याला मिळावा : जुन्या टेपरेकॉर्डरचे वेगनियंत्रण

विषय टेपरेकॉर्डरच्या मोटरचा आणि बोलणारा युनियनचा माणूस, तेव्हा आरंभीच खुलासा केलेला बरा. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, दुरुस्तीवाल्याच्या बाकड्यावर आणि उसन्या पुस्तकांतून. युनियनच्या कपाटात बॅटरीवर चालणारा एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि काही फिती निघाल्या. त्यांतल्या एका फितीने आम्हांला हा विषय शिकण्यास भाग पाडले.

त्या फितीवर आमच्या एका दिवंगत कार्यकर्त्याचे सभागृहातील भाषण होते. त्यांची मुलगी डोळखांबला राहते. आम्ही यंत्र तिच्या ओटीवर ठेवले आणि बटण दाबले. दोन मिनिटे ऐकून ती म्हणाली, "भाऊ, हे आमचे आबा नव्हेत. आबा खणखणीत बोलायचे. हा कोणी झोपेतून उठून बोलतोय." शब्द आबांचेच होते, आवाज मात्र आबांचा राहिला नव्हता. तो कोणी नेला, याचा शोध म्हणजे हे व्याख्यान.

फितीवर आवाज उमटतो तो चुंबकीय लेपावर, एकापुढे एक, लांबीत मांडलेला. घरगुती यंत्रांत ती फीत सेकंदाला 19.05 किंवा त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे 9.5 सेंटिमीटर सरकते. ज्या वेगाने मुद्रण झाले त्याच वेगाने ती पुढे गेली तरच आवाज मूळचा राहतो. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पेटीवरच्या पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये जाऊन बसते. तेवढाच घटला की एक पट्टी खाली उतरते. बोलण्याचेही तेच. चार-पाच टक्क्यांत तरण्या माणसाचा म्हातारा होतो.

हा वेग स्पूलची चकती ठरवीत नाही. फीत ओढते ती कॅप्स्टन नावाची बारीक दांडी; रबरी रोलर फितीला तिच्यावर दाबून धरतो. दांडी 6 मिलिमीटर जाडीची धरा. तिचा परीघ सुमारे 18.85 मिलिमीटर. सेकंदाला 190.5 मिलिमीटर फीत न्यायची तर तिने सेकंदाला दहाहून किंचित जास्त, मिनिटाला सुमारे 606 फेरे घेतले पाहिजेत. तिच्यावर मळ साचून जाडी दशांश मिलिमीटरने वाढली, तरी वेग दीड टक्क्याहून अधिक वाढतो. म्हणून वेगनियंत्रणाची पहिली सुधारणा म्हणजे स्वच्छ फडके आणि थोडे स्पिरिट. दुसरी, सैल पट्टा बदलणे. तिसरी, चपटा किंवा कडक झालेला रबरी रोलर बदलणे. हे न करता मोटरला दोष देणे म्हणजे चौकशीविना कामगाराला निलंबित करणे होय.

हे सारे करूनही आमच्या यंत्राचा आवाज जडच राहिला, आणि वर डुलू लागला. तेव्हा मात्र मोटर उघडली.

खेड्यातील पिठाच्या गिरणीचे डिझेल इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना गव्हर्नर ठाऊक असेल. इंजिन जोरात पळू लागले की फिरती वजने बाहेर फेकली जातात आणि तेल कमी होते. दळणाच्या भाराने ते मंदावले की वजने आत येतात आणि तेल वाढते. बॅटरीच्या अनेक जुन्या टेपरेकॉर्डरांत तीच युक्ती लहान रूपात आहे. मोटरच्या दांडीवर स्प्रिंगला धरून एक वजन फिरते. वेग वाढला की ते बाहेर सरकून विजेचा संपर्क तोडते. वेग उतरला की संपर्क पुन्हा जुळतो. ही तोडजोड अखंड चालते, आणि तिचे धक्के जड फ्लायव्हील पोटात घेते. पण प्रत्येक तोडजोडीत बारीक ठिणगी उडते. वर्षांनुवर्षे ठिणग्या खाऊन संपर्काचे टोक जळते, वीज अडखळते आणि मोटर रेंगाळते. संपर्क चिकटून बसला तर उलट होते, मोटर उधळते. आबांचा आवाज अशा जळक्या टोकाने नेला होता.

यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. तोही जुनाच आहे. स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये बनविलेल्या नाग्रा यंत्रात 1950च्या दशकाच्या अखेरीस तो आला; 1967च्या रेव्हॉक्स ए-77 या घरगुती यंत्रातही कॅप्स्टनची मोटर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच सांभाळली जाई. तत्त्व असे : दांडीवर खाचांची चकती किंवा चुंबक बसवावा, शेजारच्या संवेदकाने प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ठोके द्यावेत, सर्किटने ते ठोके क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यांशी ताडून पाहावेत आणि मोटरला वीज थोडी वाढवावी किंवा थोडी घटवावी. जुना गव्हर्नर फक्त "चल" आणि "थांब" म्हणतो. हा "किती" हेही विचारतो. ठिणगी नाही, आणि मनगटी घड्याळातील स्फटिकाइतकी अचूकता.

येथे एक सावधगिरी हवी. सर्किट फार उतावळे असेल, तर फ्लायव्हीलचा वेग बदलण्याआधीच ते दुसरा हुकूम सोडते. मग वेग पुढेमागे हेलकावे खातो आणि औषध रोगाहून वाईट ठरते. हुकूम देणाऱ्याने काम करणाऱ्याला उत्तर देण्याइतका अवधी दिला पाहिजे, हा धडा आम्हांला नवा नव्हता.

घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट निराळी. त्यांच्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांशी बांधलेला असतो. आपल्याकडे ती सेकंदाला 50, अमेरिकेत 60. म्हणून तिकडचे असे यंत्र इथे तसेच लावले तर गाणे तीन पट्ट्यांहून खाली उतरते. शिवाय 1990च्या दशकात विजेवर भार वाढला की आपल्याकडची आवर्तने 49च्याही खाली घसरत. अशा यंत्राला स्फटिकावरून तयार केलेली नेमक्या आवर्तनांची वीज स्वतंत्रपणे पुरवितात. यंत्राच्या पोटात हात घालावा लागत नाही.

आमच्या यंत्रात एका कारागिराने सर्किट बसविले. वेग स्थिर झाला, नेमका 9.5 सेंटिमीटर. आम्ही आनंदाने फीत लावली, तर आबा आता चिरक्या आवाजात घाईने बोलू लागले! कोडे सुटले ते एका गुणगुणीने. सभागृहातील लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर विजेवर होता आणि त्याची सेकंदाला 50 आवर्तनांची गुणगुण भाषणामागे फितीवर उतरली होती. मोबाईलवरच्या ध्वनिमापकाने ती मोजली, तर ती 52 भरली. म्हणजे मुद्रण करतानाच यंत्र सुमारे चार टक्के मंद धावत होते. फीत मागे राहिली होती, आणि आम्ही तिला योग्य वेगाने पळवून तिच्यावर अन्याय करीत होतो. (मुद्रणयंत्र विजेच्या सिंक्रोनस मोटरचे असेल तर ही साक्ष चालत नाही, तेथे गुणगुण आणि मोटर एकाच विजेच्या तालावर घसरतात, आणि गुणगुण 50च दिसते.)

तेव्हा सुधारणेची खरी कसोटी ही : वेग आधी स्थिर करा, पण तो बदलता येईल असा स्क्रू ठेवा. आमचे यंत्र आम्ही पुन्हा डोळखांबला नेले. सभेच्या रात्री विजेची आवर्तने बरोबर 50 होती, याची हमी कोण देणार? म्हणून शेवटचा निवाडा ताईच्या कानावर सोपविला. आम्ही स्क्रू हळूहळू मागे फिरवीत गेलो. चार टक्क्यांवर तिने मान हलविली. पाचच्या थोडे अलीकडे तिने हात वर केला. "हां. आता आबा आले."

त्याच जागी थांबून आम्ही फीत एकदाच संगणकावर उतरविली, आणि वेगाचा आकडा डबीवर लिहिला. जुना गव्हर्नर फेकला नाही. पुडीत बांधून यंत्राच्या खणात ठेवला आहे. आपल्या घरी माळ्यावर अशा फिती असतील, तर यंत्र दुरुस्त करा. पण फीत उतरविताना, तो आवाज ज्याने ऐकला आहे असे माणूस शेजारी बसवा. तसे माणूस आहे तोवरच हे काम करून घ्यावे.