यंत्र पाहावे पाडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आजच्या काळी तीत आणखी एक चरण जोडावासा वाटतो : यंत्र पाहावे पाडून. चांगले चाललेले यंत्र मुद्दाम कोणी का पाडावे, असे कोणी विचारील. परंतु फलटणच्या पंचक्रोशीत साखर कारखान्यांतून काम केलेल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. बॉयलरच्या तपासणीत त्यात पाणी ठासून भरतात आणि नेहमीच्या कामापेक्षा अधिक दाब देऊन तो टिकतो की नाही हे पाहतात. वाफ न वापरता पाणी वापरण्याचे कारणही मार्मिक आहे. पाणी फारच थोडे दाबले जाते. म्हणून एखादा सांधा सुटलाच तर चिळकांडी उडेल, स्फोट होणार नाही. परीक्षा कठोर, परंतु धोका बेताचा.

पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत होणारी मोटारींची परीक्षा याहून निराळी आहे. तेथे मोटार मुद्दाम अडथळ्यावर आदळतात. २०२३ साली सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या योजनेत समोरील धडकेचा वेग ताशी ६४ किलोमीटर ठेवलेला आहे. या वेगाला मोटार चेपणार हे ठरलेलेच असते. पाहावयाचे असते ते एवढेच, की आत बसविलेल्या पुतळ्यांचे काय झाले. संगणकाची जी परीक्षा आज आपल्याला समजून घ्यावयाची आहे, ती या दुसऱ्या जातीची आहे.

संगणकात एकाच वेळी अनेक कामे चालतात. एक जण हिशेब करतो, दुसरा पत्र लिहितो, तिसरा चित्रे पाहतो. या सर्वांना स्मृती, तबकडी आणि वेळ वाटून देणारा कारभारी लागतो. त्या कारभाऱ्याच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. हा लष्करातला कर्नल नव्हे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ बदामाच्या कवचातला गर असा आहे. साध्या कार्यक्रमाने दुसऱ्याच्या स्मृतीत हात घातला, तर कर्नल त्याला बाहेर काढतो आणि बाकीची कामे सुखेनैव चालू राहतात. परंतु खुद्द कारभारीच चुकला तर त्याला आवरणारा वर कोणी नसतो. अशा वेळी यंत्र तेथल्या तेथे थांबते.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक कार्यक्रमासाठी एक नवी फाइल जगभर पाठविली. वाचणारा भाग २१ वा रकाना वाचावयास गेला आणि समोर मात्र २०च रकाने होते. नसलेली जागा वाचण्याची ही चूक विंडोजच्या गाभ्यातच घडली, म्हणून सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. आपल्या देशातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती. परंतु कोसळलेले यंत्र पुन्हा सुरू होताना तीच फाइल वाची आणि पुन्हा कोसळे. त्यामुळे असंख्य यंत्रांपाशी माणसाला स्वतः जाऊन बसावे लागले. चूक लहान होती; खरी किंमत पडली ती पडल्यावर उठता न येण्याची.

म्हणून शहाणे अभियंते दोन प्रश्न विचारतात. कोसळताना यंत्राने आपली जबानी नोंदवून ठेवली काय? आणि ते आपल्या पायांनी उठले काय? लिनक्स या गाभ्यात याची केलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केला. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला होता. २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे.

पूर्वी कोसळणारा गाभाच आपल्या स्मृतीची नक्कल तबकडीवर लिहीत असे. पण ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्याच हाती दप्तर कसे द्यावे? तो भलत्याच जागी लिहून चांगला मजकूरही बिघडवू शकतो. २००५ साली लिनक्समध्ये ‘केडंप’ ही नवी पद्धत आली. ती घडविण्यात आय.बी.एम. कंपनीच्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. या पद्धतीत यंत्र सुरू होतानाच स्मृतीचा एक कोपरा राखून ठेवतात आणि तेथे दुसरा, लहान गाभा आणून ठेवतात. पहिला कोसळला की हा दुसरा लागलीच उभा राहतो, मेलेल्याच्या स्मृतीचा पंचनामा करतो, तो जपून ठेवतो आणि मग यंत्र नव्याने सुरू करतो. कोपरा आधीच राखण्याचे कारण असे, की पहिला गाभा गेला तरी त्याने सांगितलेली कामे तबकडी किंवा जाळ्याचे कार्ड काही क्षण उरकीतच असतात. त्यांचे लेखन या राखीव कोपऱ्यात कधीच येत नाही.

आता ही व्यवस्था चालते की नाही हे कसे कळावे? पाडूनच. लिनक्सच्या एका ठराविक फाइलीत ‘सी’ हे एकच अक्षर लिहिले, की गाभा तत्काळ कोसळतो. २००६ साली आय.बी.एम.कडूनच ‘एलकेडीटीएम’ नावाचा एक खास भाग आला. त्याच्या साहाय्याने निरनिराळ्या प्रकारचे अपघात मागवून घेता येतात : नसलेल्या जागी लिहिणे, राखीव जागा भरून वाहू देणे, एकाच फेऱ्यात अखंड फिरत राहणे. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे. यंत्र पडतही नाही आणि उत्तरही देत नाही. त्यासाठी गाभ्यात पहारेकरी असतो. एखादा प्रक्रियक सुमारे १० सेकंद सर्वस्वी बधिर राहिला, तर तो बोंब ठोकतो. हा पहारेकरी जागा आहे की झोपला आहे, हेही परीक्षेतच कळते.

अशा परीक्षांतून निघणारी वैगुण्ये बहुधा साधी असतात. राखून ठेवलेला कोपरा अपुरा पडतो. दुसऱ्या गाभ्याला तबकडी ओळखू येत नाही. पंचनामा ठेवावयास जागाच उरलेली नसते. यांतील एकही गोष्ट यंत्र चालू असताना दिसत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज बरोबर बसविला आहे की नाही, हे मोटार नीट चालते त्या दिवशी कळत नाही, तसेच हे.

एक शंका रास्त आहे. शंका आली की गाभ्याने थांबावे, की रेटून चालू राहावे? लिनक्समध्ये दोन्हीची सोय आहे, निवड आपली. पतसंस्थेच्या खातेवहीत चुकीचा आकडा पडण्यापेक्षा खिडकी घटकाभर बंद राहणे बरे. जेथे थांबणेच घातक असेल, तेथे जोडीला दुसरे यंत्र सिद्ध ठेवावे. परंतु हा निर्णय अपघाताच्या रात्री घ्यावयाचा नसतो. तो आधी घ्यावा आणि परीक्षेत पारखावा.

ही परीक्षा ग्राहकांची रांग लागली असताना करू नये, हे सांगणे नलगे. बॉयलरमध्ये जसे पाणी, तसे येथे सुट्टीचा दिवस, वेगळे यंत्र आणि हिशेबाची नक्कल हाती असणे. दुसरे पथ्य याहून महत्त्वाचे आहे. स्मृतीच्या पंचनाम्यात त्या क्षणी यंत्रात असलेले सर्व काही उतरते. खातेदारांची नावे, शिल्लक, प्रसंगी परवलीचे शब्दही. तो कागद तिजोरीत ठेवण्याच्या योग्यतेचा आहे, वाटेल त्याच्या हाती देण्याचा नव्हे.

आपल्यापैकी बहुतेकांना गाभ्याशी कधी काम पडणार नाही. तरीही आपण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद, ठेवीदार किंवा पालक आहोत. वार्षिक सभेत नफ्यातोट्यावर आपण पुष्कळ बोलतो. तेथेच उठून एक प्रश्न विचारावा : आपले यंत्र मुद्दाम पाडून शेवटचे केव्हा पाहिले होते आणि ते किती वेळात उठले? उत्तर तारखेसह आणि मिनिटांत मिळाले, तर आपली ठेव जाणत्या हातांत आहे असे समजावे. ‘आमचे यंत्र कधी पडतच नाही’ असे उत्तर मिळाले, तर मात्र सावध व्हावे.