रानफुलांची ओळख आणि छायाचित्रण

भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कास पठारावरून परतणाऱ्या हौशी छायाचित्रकाराजवळ तीनचारशे चित्रे सहज जमलेली असतात. घरी आल्यावर ती पडद्यावर पाहताना मन प्रसन्न होते. मात्र घरातील एखाद्या मुलाने ‘या फुलाचे नाव काय?’ असे विचारले की पंचाईत होते. मार्गदर्शक पुस्तक उघडावे, तर त्यात पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठावर लव आहे की नाही, असे प्रश्न असतात आणि चित्रात पान नाही, देठही नाही. फूल तेवढे समोरून, अगदी जवळून, मागचे सारे धूसर करून टिपलेले. चित्र देखणे खरे, पण ओळख पटवण्यास अपुरे.

बँकेत खाते उघडताना नुसते छायाचित्र पुरत नाही, पत्ता आणि ओळखीचा पुरावाही जोडावा लागतो. वनस्पतीच्या बाबतीत हा पुरावा पाने, खोड, कळी, फळ आणि फुलाची मागील बाजू यांत असतो. रानटी तेरड्याचेच पाहावे. त्याच्या फुलामागे एक पोकळ, शेपटीसारखी नळी असते. ती आखूड की लांब, सरळ की वळलेली, यावरून तेरड्याच्या जाती वेगळ्या करता येतात. समोरून घेतलेल्या चित्रात नेमकी ही नळीच लपते. पिवळ्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असणाऱ्या कवल्यालाही हेच लागू पडते. लहान मुले त्याला कौतुकाने मिकी माउस म्हणतात. पण या गटातील जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या, तर पाकळ्यांखालच्या हिरव्या वेष्टनावरील केस पाहावे लागतात.

रंगावर विसंबणे तर सर्वांत धोक्याचे. कळलावीचे फूल उमलताना हिरवट पिवळे असते आणि हळूहळू तांबडे होत जाते. एकाच वेलीवरील दोन फुले पाहून नवख्याला त्या दोन जाती वाटाव्यात. उलट तिच्या पानाचे टोक लांबून दोऱ्यासारखे वळते आणि आधाराला वेटोळे घालते. ही खूण एकदा ध्यानी आली की फूल नसतानाही कळलावी ओळखता येते. ओळखता येणे आवश्यकही आहे, कारण तिचा कंद अत्यंत विषारी असतो. रानातले कंद केवळ चित्राशी ताडून खाण्याचे धाडस कोणीही करू नये.

म्हणून अनुभवी छंदी एका वनस्पतीची किमान पाच चित्रे घेतात. पहिले संपूर्ण झाडाचे, भोवतालच्या जागेसह. मग पान वरून आणि खालून. पान खोडाला जेथे जोडले आहे तो सांधा. फूल समोरून, बाजूने आणि मागून. आणि मिळाल्यास फळ. आकाराचा अंदाज यावा म्हणून काही जण शेजारी रुपयाचे नाणे ठेवतात. त्यापेक्षा मिलिमीटरची लहान पट्टी बरी. रुपयाचे नाणे आजवर अनेकदा लहानमोठे झाले आहे, हे बँकेच्या ग्राहकांना वेगळे सांगायला नको.

नावांचा प्रश्न मात्र थोडा विस्ताराने पाहावा लागतो. ‘तेरडा’ हे नाव अंगणातल्या रोपालाही आहे आणि पठारावरच्या कित्येक जातींनाही. याउलट एकाच झाडाला कोकणात एक, तर देशावर दुसरे नाव असते. लिनियसने १७५३ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव मिळते. पहिला शब्द आडनावासारखा, म्हणजे प्रजातीचा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. कासचे गुलाबी गालिचे ज्या तेरड्याचे असतात, तो इम्पेशन्स लॉई. हे लॉ मुंबई इलाख्यात कंपनी सरकारच्या मुलकी सेवेत होते. पिवळा तेरडा इम्पेशन्स डाल्झेली ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते डाल्झेल मुंबईत आले ते सीमाशुल्क खात्यातील नोकरीवर. पुढे ते वनसंरक्षक झाले आणि गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची बृहत्सूची सिद्ध करणारे थिओडोर कुक मुळात लोहमार्गाचे अभियंते. अलीकडच्या काळात ज्या पुस्तकाने असंख्य भटक्यांना फुलांची गोडी लावली, ते ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ २००१ मध्ये लिहिणारे श्रीकांत इंगळहळीकर हेही अभियंतेच. कचेरी सांभाळून जोपासलेल्या या छंदाची परंपरा अशी जुनी आहे.

आता भ्रमणध्वनीतील ॲप क्षणात नाव सुचवते. ही सोय मोठी आहे, तरी तो अंदाज समजावा आणि पुस्तकातील वर्णनाशी ताडून पाहावा. काही वेळा जातीपर्यंत पोहोचताच येत नाही. पाणथळ कातळावर पांढऱ्या मण्यांसारखे डोलणारे गेंद घेतले, तर त्यांच्या कित्येक जाती बियांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वेगळ्या करता येतात. तेथे प्रजातीचे नाव लिहून थांबणे हेच प्रामाणिकपणाचे.

छायाचित्रणासाठी महागड्या साधनांची गरज नाही. मॅक्रो भिंग असेल तर उत्तम, पण साध्या फोननेही पुष्कळ काम होते. ढगाळ हवेतील मंद उजेड फुलांना मानवतो. भर उन्हात पांढऱ्या आणि पिवळ्या पाकळ्यांवरील रेषा पुसल्या जातात, अशा वेळी प्रकाशमात्रा थोडी कमी करावी किंवा सोबत्याने छत्रीची सावली धरावी. वाऱ्यालाही तीच छत्री अडवते. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणावा. उभ्याने खाली पाहून घेतलेली चित्रे बहुधा सपाट येतात.

मात्र गुडघे टेकण्यापूर्वी गुडघ्याखाली काय आहे, हे पाहिले पाहिजे. जांभ्या दगडाच्या पठारावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि त्यातच पुढील वर्षाचे बी असते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश केल्यानंतर तेथे गर्दी इतकी वाढली की रोजच्या प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. फुलांच्या गालिच्यात बसून काढलेले एक छायाचित्र म्हणजे एक चिरडलेला चौरस, हा हिशेब कटू असला तरी खरा आहे.

कंदीलपुष्पांच्या बाबतीत तर चित्र प्रसिद्ध करतानाही सावध राहावे लागते. या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाने आत शिरलेली चिमुकली माशी त्यांत अडकते आणि केस सुकल्यावरच परागकण घेऊन बाहेर पडते. सह्याद्रीतील यांच्या कित्येक जाती जगात अन्यत्र आढळत नाहीत, आणि खाण्यासाठी त्यांचे कंद उकरले जातात. फोन प्रत्येक चित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवू शकतो. दुर्मीळ फुलाचे चित्र इतरांना पाठवण्यापूर्वी ही नोंद काढून टाकावी आणि ठिकाण केवळ तालुक्यापुरते सांगावे.

दिल्ली, भोपाळ किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या वाचकांना पठार दूर वाटेल. त्यांनी दारातल्या एकदांडीपासून आरंभ करावा. ती मूळची अमेरिकेची, पण भारतातील बहुतेक शहरांच्या रस्त्याकडेला उगवते. तिचे जे एक फूल दिसते, ते वस्तुतः अनेक इवल्या फुलांचा गुच्छ असतो. साध्या भिंगातून हे पाहिले की सूर्यफूल, झेंडू आणि पठारावरची सोनकी ही सारी एकाच घराण्यातील कशी, हे आपोआप उमगते.

सर्वांत दुर्लक्षित भाग नोंदवहीचा. दिनांक, ठिकाण, उंची, जमीन ओली की कोरडी, आणि फूल उमललेले असण्याची वेळ, एवढे पाच तपशील पुरेत. मुंबईच्या बोरिवली येथील राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये. पाठीमागे तारीख लिहिलेली २००८ ची कारवीची चित्रे ज्यांच्याकडे होती, त्यांना २०१६ च्या पावसाळ्याची रजा आधीच मागून ठेवता आली. त्याच हिशेबाने आता २०३२ च्या पावसाळ्याची टीप लिहून ठेवता येईल.