मोगऱ्याची पानं उलटून बघा

मैत्रिणींनो, मोगऱ्याला कळ्या लागल्या की तुम्हीसुद्धा त्या रोज मोजता का? मी मोजते. मागच्या उन्हाळ्यात एकवीसपर्यंत मोजल्या आणि मग त्या वाळायला लागल्या.

आमच्या मंगरूळपीरला एप्रिलचं ऊन काय असतं ते वऱ्हाडातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. दुपारच्या झळांनी कळ्या करपू नयेत म्हणून मोगऱ्याची आणि गुलाबाची कुंडी मी अंगणातून उचलून पुढच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवली. आठ दिवसांत पानांवर बारीक पांढुरके ठिपके दिसले. मला वाटलं धूळ असेल. ओल्या फडक्यानं मोगरा पुसला आणि त्याच फडक्यानं गुलाबही पुसला. पानं आणखी फिकी पडली तेव्हा वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. वर चिमूटभर युरियाही टाकला. शेवटी कळ्यांच्या देठाशी बारीक जाळी दिसली, तर ती घरातल्या कोळ्याची समजून झाडूच्या काडीनं काढून टाकली. एकामागोमाग एक सगळ्या चुकाच!

ती कीड होती लाल कोळी. संत्र्याच्या बागावाल्यांना हे नाव माहीत असतं, घरातल्या कुंडीवर मात्र ते कुणाच्या लक्षात येत नाही. नावात लाल असलं तरी रंग पिवळट-हिरवाही असतो. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाय आठ, म्हणजे हा कीटक नव्हेच, कोळ्याच्याच जातकुळीतला. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो. कोरडी, तापलेली हवा त्याला फार मानवते, आणि आपल्या उन्हाळ्यातल्या बंद खोल्या तशाच असतात. तिशीच्या वरच्या तापमानात अंड्यापासून पुन्हा अंडी घालण्यापर्यंतचा त्याचा फेरा आठवडाभरात पुरा होतो. युरियानं लुसलुशीत झालेली पानं तर त्याच्यासाठी मेजवानीच.

पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी जे झालं ते सांगते.

आमच्या ह्यांनी शेतातून तुरीवर फवारायच्या औषधाची उरलेली बाटली आणली. टोपणभर औषध अंदाजानं घेतलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत कालवलं. मीच संध्याकाळी दोन्ही कुंड्यांवर मारलं. वास रात्रभर खोलीत होता. सकाळी उमललेली दोन फुलं सासूबाईंनी नेहमीप्रमाणे तोडली आणि पिण्याच्या माठात टाकली. उन्हाळ्यात वाळा-मोगरा माठात टाकायची त्यांची जुनी सवय. फवारल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आणि माझ्या धाकटीनं एकेक पेला पाणी पिऊनही झालं होतं, तेव्हा मला माठात तरंगणारी फुलं दिसली.

मी माठ तसाच मोरीत उलटा केला. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, भरला माठ काऊन ओतून देल्ला?" मला बोलताच येईना.

दोघींना घेऊन तडक दवाखाना गाठला. बाटली सोबत नेली होती, ते बरं झालं. डॉक्टरांनी आधी तिच्यावरचा कागद वाचला. दुपारपर्यंत दोघींना बसवून ठेवलं. काही झालं नाही. पण त्या चार तासांत माझ्या डोक्यात एकच येत होतं. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले होते. ती मोकळ्या रानातली गोष्ट. मी तर ते बंद खोलीत, देवघराला लागून फवारलं होतं.

बाटलीवर तिरप्या चौकोनाचा खालचा त्रिकोण रंगीत असतो, तो कधी बघितलाय? लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आमच्या बाटलीवर पिवळा होता. घरात वर्षानुवर्षं ठेवलेल्या बाटल्या तर बघाच. कोळ्यांसाठी पूर्वी सर्रास मिळणाऱ्या डायकोफॉलवर आपल्या देशात 2023 मध्ये बंदी आली.

आणि एवढं करून कोळी मेले का? उलट वाढले! पुष्कळशी कीटकनाशकं कोळ्यांवर चालतच नाहीत. मरतात ते त्यांना खाणारे ढालकिडे आणि दुसऱ्या जातीचे कोळी. राखणदारच मारल्यावर दुसरं काय होणार?

मग उपाय काय केला? पाणी! आधी फवारलेल्या सगळ्या कळ्या-फुलं तोडून खड्ड्यात पुरली. जीव तुटला, पण पुरली. जाळी धरलेल्या फांद्या छाटल्या. मग कुंडीच्या मातीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि झाड बादलीभर पाण्यात उलटं धरून हलक्या हातानं खळबळलं. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे पाइपची धार कुणाला परवडते? बादलीतलं पाणी दुसऱ्या कुंडीत ओतायचं नाही, अंगणाबाहेर टाकायचं. अंडी चिकटून राहतात, म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं चारदा केलं. एकदा धुऊन थांबाल तर आठवड्यात पुन्हा तेच.

मधल्या दोन वेळांना धुऊन झाल्यावर निंबोळी अर्क मारला. वाळलेल्या निंबोळ्यांचा गर 50 ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघायचं. ऊन उतरल्यावर, कुंडी अंगणात नेऊन, पानांच्या खालून फवारायचं. उमललेल्या फुलांवर नाही, त्यांना डाग पडतात. फुलं आधी तोडून घ्यायची. गंधकाची पूड कुणी सुचवेल, पण आपल्या चाळिशीपारच्या उन्हात गंधकानं पानं भाजतात.

आता दर रविवारी पांढरा कागद पानाखाली धरून टिचकी मारते. कागदावर ठिपके पडले आणि चालायला लागले की समजायचं. कुंड्यासुद्धा आता कुलरच्या खोलीत, ओलसर हवेत असतात. अंगणातून आलेली नवी कुंडी पंधरा दिवस वेगळी ठेवते. इस्त्रीची ती बाटली मात्र त्याच दिवशी फेकली, आणि शेतातली औषधं शेतातच कुलपात राहतात.

मेच्या अखेरीला छाटलेल्या फांद्यांना पुन्हा कळ्या आल्या. या वेळी मोजल्या नाहीत. पहिली फुलं सासूबाईंनी देवाला वाहिली. मग एक फूल हातात धरून माझ्याकडे बघत विचारलं, "टाकू का वं माठात?"

मी कागद आणायला आत गेले.