यादी लागेपर्यंत आणि यादी लागल्यानंतर

अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, कर्जत तालुक्यातील मिरजगावात जून आणि जुलै हे दोन महिने मोठ्या ओढाताणीचे असतात. कारण ज्या सुमारास तूर, उडीद आणि बाजरीच्या पेरणीसाठी बियाण्याचा व खताचा पैसा उभा करायचा असतो, नेमक्या त्याच सुमारास बारावी झालेल्या मुलामुलींच्या फीची, खोलीभाड्याची आणि खाणावळीची तजवीज करावी लागते, आणि ती कर्जतच्या हिशेबाने करावी की पुण्याच्या, हे मात्र यादी लागेपर्यंत घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. अशा वेळी शेजारी आणि नातलग सल्ले देण्यात हयगय करीत नाहीत, आणि त्यांतले निम्मे सल्ले मुलाच्या हिताच्या अगदी उलट असतात.

ही प्रतीक्षा इतकी लांबते याची कारणे पुष्कळशी दफ्तरी स्वरूपाची आहेत. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. तेथे प्रथम अर्जांची व दाखल्यांची छाननी होते, मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, तीवर हरकती नोंदविण्यास मुदत दिली जाते, त्यानंतर अंतिम यादी आणि शेवटी जागावाटपाच्या फेऱ्या. त्यात वरच्या क्रमांकाचे काही विद्यार्थी आयआयटीकडे किंवा अन्य शाखांकडे वळले की त्यांच्या जागा रिकाम्या होऊन खालच्यांकडे सरकतात. ज्याला लोक ‘कट-ऑफ’ म्हणतात, तो म्हणजे मागच्या वर्षी त्या जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण, याहून अधिक काही नाही. तो यंदाचा नियम नव्हे.

या साऱ्या व्यवहारात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या इच्छेला वाव असतो तो एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज. समजा, मिरजगावच्या एका मुलीला पुण्याच्या शासकीय महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी शिकण्याची ओढ आहे. परंतु ‘मिळण्याजोगे असेल तेच वर टाक, नाहीतर हातचेही जाईल’ असा वडीलधाऱ्यांचा उपदेश मानून तिने जवळचे एखादे खासगी महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याचा अर्ज उघडतो, त्यातील पसंती वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा शिल्लक सापडेल ती देऊन मोकळा होतो. मुलीला जवळचे महाविद्यालय मिळाले. आणि पहिलीच पसंती मिळाल्यामुळे ती जागा घेणे तिला बंधनकारक होऊन पुढील फेऱ्यांचे दार बंद झाले. कदाचित पुण्याची जागा तिच्याहून कमी गुणांच्या विद्यार्थ्याला गेली असेल. तिने पुणे पहिले आणि जवळचे महाविद्यालय सातवे लिहिले असते, तर पुणे हुकले तरी मधल्या जागा संपलेल्या असता तिच्या पाळीला तेच जवळचे महाविद्यालय हाती आले असते. कारण कोणी किती वरची आशा धरली, यावर पाळी ठरत नाही, गुणांवर ठरते. शिवाय ती जागा राखून पुढच्या फेरीत अधिक चांगल्या जागेसाठी थांबण्याची मुभाही तिला मिळाली असती. 2025-26 मध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत पहिली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पसंती मिळाल्यास ती स्वीकारणे सक्तीचे होते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्यावाचून अर्ज भरू नये. परंतु मनातला खरा क्रम लिहावा, हे तत्त्व बदलत नाही.

दाखल्यांची बाब याहून रूक्ष असली तरी दुर्लक्षण्याजोगी नाही. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांच्यासाठी निकालाची वाट पाहत बसलेल्यांची ऐन वेळी तारांबळ उडते. मुलींच्या पालकांनी तर विशेष दक्ष राहावे. कारण 2024 च्या शासननिर्णयानुसार वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे, मात्र ते केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच.

आता ज्यांचे नाव इच्छित यादीत येत नाही आणि ज्यांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बी.ए., बी.कॉम. वा बी.एस्सी.ला प्रवेश घ्यावा लागतो, त्यांच्याविषयी. नव्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांच्या पदवीपुढे चौथ्या वर्षाची ‘ऑनर्स’ पदवी ठेवली आहे. महाराष्ट्राच्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी 132 श्रेयांकांची आणि ऑनर्सची 176 श्रेयांकांची आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ऑनर्स विभागाची निवड प्रवेशाच्या वेळीच, निबंध आणि शालेय गुण पाहून होते. आपल्याकडे बारावीचे गुण त्या ठिकाणी मोजले जात नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात, आणि असा विद्यार्थी एक वर्षात पदव्युत्तर पदवी घेऊ शकतो किंवा पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट पात्र ठरतो. अभियांत्रिकीतही ऑनर्स आहे. तेथे ठरलेल्या अभ्यासक्रमावर 18 ते 20 अधिक श्रेयांक मिळवावे लागतात.

तथापि येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात हशील नाही. संशोधनासह ऑनर्सचे चौथे वर्ष चालविण्यास त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक आणि पुरेशी प्रयोगशाळा व ग्रंथालय असावे लागते; अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या ग्रामीण महाविद्यालयांना ही अट जड जाते. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत नवी रचना 2023-24 पासून आणि बहुतेक संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली असल्यामुळे संलग्न महाविद्यालयांची पहिली तुकडी चौथ्या वर्षाला पोहोचते ती 2027-28 मध्ये.

म्हणून प्रवेशाच्या वेळी पालकांनी कार्यालयात फीचा हप्ता विचारावा, तसेच या विषयात चौथे वर्ष आहे काय, मार्गदर्शक कोण आणि चौथ्या वर्षासाठी अन्यत्र जावे लागल्यास श्रेयांक सोबत नेता येतात काय, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे ज्या कचेरीत नीट मिळतील, त्या महाविद्यालयाचे नाव पसंतीच्या यादीत कितवे होते, याला पुढच्या तीन वर्षांत फारसे महत्त्व उरत नाही.