दूध पुरत नाही? आधी लंगोट मोजा

बाळंतपणाला चार-सहा दिवस झाले की घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, "हिला दूधच पुरत नाही." बाळ रडले की आजी असे म्हणते, शेजारीण दुजोरा देते आणि संध्याकाळपर्यंत पावडरीचा डबा घरात येतो. पण बाळ केवळ भुकेनेच रडते असे नाही. लंगोट ओला झाला, उकडले, कुशीत यावेसे वाटले तरी ते रडतेच. दुधाचा अंदाज रडण्यावरून नव्हे, लघवीवरून आणि वजनावरून बांधावा.

निव्वळ अंगावर पिणारे बाळ पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी करत असेल, तर पोटात दूध जात आहे असे समजावे. डायपरमध्ये ही मोजदाद नीट होत नाही; दोन दिवस साधे लंगोट बांधावेत. वरचे पाणी पाजल्यास हिशेब चुकतो, आणि सहा महिने पाण्याची गरजही नसते, अगदी वैशाखातसुद्धा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाइतके भरून यायला हवे. तसे न झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

दूध कमी पडण्याचे मूळ बहुधा पाजण्याच्या रीतीत असते. बाळाच्या तोंडात नुसते बोंड गेले तर दूध नीट येत नाही, उलट बोंडाला चिरा पडतात. भोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. दूध जितके ओढले जाते तितके तयार होते. वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते, मग खरोखरच कमी पडू लागते. १९९२ च्या कायद्याने पावडरीच्या आणि बाटलीच्या जाहिरातीवर बंदी घातली, ती उगीच नव्हे.

स्तन दगडासारखे घट्ट झाले तर कोमट शेक देऊन थोडे दूध हाताने काढावे व मग पाजावे. एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला व थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी "दूध बाधेल" म्हणून पाजणे थांबवतात. तसे करू नये, दूध साचून दुखणे वाढते.

प्रसूतीनंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. मुलगी माहेरी आली असेल तर तेथील आशाताईंना आधीच कळवावे.

मात्र बाळ पिणेच सोडत असेल, पाजायलाही जागे होत नसेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, श्वास जोरात चालला असेल किंवा झटके येत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. बाळाला अंगाशी उबेत धरून न्यावे. झापड असलेल्या बाळाच्या तोंडात चमच्याने काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.