ही चिडचिड कुणाची?

समजा, इंग्लंडमधल्या एखाद्या नगरपालिकेच्या बालसंरक्षण विभागात एक समाजकार्यकर्ती सुपरव्हिजनला, म्हणजे वरिष्ठांशी आपल्या कामाची चर्चा करायला, बसली आहे. बाई एरवी मुद्देसूद बोलणारी. आज मात्र एका कुटुंबाबद्दल सांगताना तारखांचा घोळ घालतेय, काही विचारलं की तुटक उत्तर देतेय. ऐकणारी सुपरव्हायझर हळूहळू वैतागते. पण हा वैताग कदाचित त्या दोघींचा नसेलच! त्या घरातली आई कार्यकर्तीशी नेमकी अशीच वागत असेल: टाळाटाळ, तुटकपणा, घोळ. कार्यकर्तीच्या ते ध्यानातही आलेलं नसतं. नकळत ती ते वागून दाखवते.

हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकी मनोविश्लेषकाने 1955 साली हे मानसोपचारांच्या संदर्भात मांडलं, आणि लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या जॅनेट मॅटिन्सन यांनी 1975 मध्ये त्यावर समाजकार्याच्या अंगाने पुस्तक लिहिलं. बंद दारामागची भावना, कुणीही न सांगता, ऑफिसच्या खुर्चीपर्यंत पोचते; मला तरी हे थक्क करणारं वाटतं. अर्थात कधी कधी सुपरव्हायझर नुसतीच दमलेली असते. म्हणून या चिडचिडीला कुणी पुरावा मानत नाही. तिच्यावरून त्या घराबद्दल एक नवा प्रश्न मात्र विचारता येतो.

आपल्याच प्रतिक्रियेकडे असं थांबून पाहणं हा रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिसचा भाग आहे. डोनाल्ड शोन यांच्या 1983 च्या पुस्तकाने ती अनेक व्यवसायांत रुजवली: हातातलं काम चालू असताना आणि ते झाल्यावर, आपण कसा विचार करतोय हे तपासत राहायचं. आपल्याकडे एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याचे, विद्यार्थी फिल्डवर्कचे रिपोर्ट लिहितात तेव्हा त्यांच्याकडूनही हीच अपेक्षा असते.

बालसंरक्षणात याची इतकी निकड का, ते आयलीन मन्रो या संशोधक बाईंच्या अभ्यासातून कळतं. ब्रिटनमध्ये 1973 ते 1994 या काळात प्रसिद्ध झालेले बालछळाच्या प्रकरणांचे 45 चौकशी अहवाल त्यांनी तपासले. कार्यकर्ते आळशी किंवा निर्दय होते, असं काही त्यांतून निघालं नाही. निघालं ते असं, की एकदा कुटुंबाबद्दल मत बनलं की त्या मताला जुळणारी माहिती सहज स्वीकारली जाते आणि न जुळणारी कसोशीने तपासली जाते. म्हणजे चिकित्सक बुद्धी जागीच असते, फक्त ती एकाच बाजूवर चालते. शिवाय समोर घडलेला ठसठशीत प्रसंग लक्षात राहतो, जुन्या फाइलीतलं रुक्ष पान मागे पडतं.

व्हिक्टोरिया क्लिम्बीचं प्रकरण इथे आठवतं. आयव्हरी कोस्टमधली ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये छळाने मेली. अंगावर 128 जखमा होत्या. लॉर्ड लेमिंग यांच्या 2003 च्या चौकशी अहवालानुसार तिला वाचवण्याची संधी किमान 12 वेळा आली होती. ज्या नातेवाईक बाईकडे ती राहायची, तिच्यासमोर ती सावधानमध्ये उभी राही. ते पाहिलं गेलं, पण अशा कुटुंबांत मोठ्यांचा आदर असाच करतात, असा अर्थ लावून विषय मिटला. प्रत्यक्षात तिच्या आईवडिलांनी तिच्याकडून असं उभं राहणं कधीच अपेक्षिलं नव्हतं. ‘मला हा आदर वाटतोय, पण ही भीती असती तर कशी दिसली असती?’ एवढा एक प्रश्न तेव्हा कुणी स्वतःला विचारायला हवा होता.

पण तो प्रश्न त्या घरात उभं राहून सुचतो का? हॅरी फर्ग्युसन या संशोधकाने कार्यकर्त्यांबरोबर थेट गृहभेटींना जाऊन हे पाहिलं. जाता-येता त्यांच्या गाडीतही तो बसला. 2018 मध्ये त्याने लिहिलं, की काही क्षणी कार्यकर्ते विचार करणं थांबवतात. ताण आणि गुंतागुंत असह्य झाली की मन स्वतःला वाचवतं. अंगावर ओरडणारा बाप, भुंकणारं कुत्रं, कोपऱ्यात गप्प मूल अशा खोलीत सगळं एकदम जाणवू दिलं, तर माणूस तिथे टिकणारच नाही. पाठ्यपुस्तकाने ज्याला उणीव म्हटलं असतं, ते फर्ग्युसनला स्वसंरक्षण दिसलं. मग घरात जे थांबलं ते नंतर कुठेतरी सुरू व्हायला हवं: गाडीत, टीममध्ये, सुपरव्हिजनच्या खोलीत. आणि त्या खोलीत ‘फॉर्म भरलास का’ याच्या आधी ‘तिथे तुला काय वाटत होतं’ हे विचारणारं कुणीतरी बसलेलं हवं.